पासंगातली माणसं

नोव्हेंबर २०२० मधला एक आठवडा. ट्रेव्हर अरिझा तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये सोळा मोसम झालेले, २००९ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर विजेतेपदही मिळालेलं. त्या एका आठवड्यात पोर्टलंडने त्याला ह्यूस्टनला दिलं, ह्यूस्टनने डेट्रॉइटला दिलं आणि डेट्रॉइटने ओक्लाहोमा सिटीला. त्या मोसमात या चारपैकी एकाही संघाकडून तो एक मिनिट खेळला नाही. मार्चमध्ये आणखी एक सौदा झाला, मायामीशी, आणि तेव्हा कुठे तो मैदानात उतरला.

पोर्टलंडला रॉबर्ट कोव्हिंग्टन हवा होता. ह्यूस्टनला क्रिश्चन वूड हवा होता. या सगळ्यात अरिझा कुणाला हवा होता? खरं सांगायचं तर त्याचा पगार हवा होता. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. ती ओलांडलेल्या संघाला मोठ्या पगाराचा खेळाडू घ्यायचा असेल, तर जवळपास तेवढ्याच पगाराची माणसं समोरच्याला द्यावी लागतात. मुख्य सौदा एकदोन नावांचा असतो, पण आकडे जुळत नाहीत. मग हलक्या पारड्यात काहीतरी टाकावं लागतं. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: पासंग. एखादा दुसऱ्याच्या तुलनेत अगदीच कमी पडला की 'तो याच्या पासंगालाही पुरत नाही' असं आपण म्हणतो. एनबीएतला फिरता खेळाडू पासंगाला बरोबर पुरतो, आणि वर्षानुवर्षं त्यासाठीच वापरला जातो.

मला या लेखात त्याची बाजू मांडायची आहे. त्याच्याबद्दल हळहळ वाटावी, एवढ्यापुरती नाही. हळहळ अशा खेळाडूंच्या वाट्याला भरपूर येते आणि तिचा काही उपयोग होत नाही. माझं म्हणणं हक्कांबद्दल आहे. दरवर्षी बिऱ्हाड हलवणं ही या खेळाडूची हौस नसते, ती संघमालकांची सोय असते. लीगची सगळी यंत्रणा त्या सोयीवर चालते. आणि त्याच यंत्रणेतले महत्त्वाचे हक्क मात्र 'एका संघात किती वर्षं काढलीस' हे विचारून दिले जातात. ज्याला आपण स्वतःच एका जागी टिकू देत नाही, त्याला टिकला नाही म्हणून हक्क नाकारायचे, हा अन्याय आहे.

इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. शब्द ऐकून प्रवास आठवतो, पण त्याचं मूळ प्रवासात नाही. ते फ्रेंच 'जुर्ने' या शब्दात आहे, म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. जुन्या युरोपातल्या कारागिरांच्या संघांमध्ये शिकाऊपण संपवलेला, हात तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. म्हणजे मूळ अर्थात कौशल्याबद्दल शंका नाहीच. शंका आहे ती फक्त उद्याच्या कामाबद्दल. क्रीडापानांवर हा शब्द 'कुठेच जम न बसलेला' अशा अर्थाने वापरला जातो तेव्हा मला तो मूळ अर्थ आठवतो आणि राग येतो.

इश स्मिथचंच बघा. २०१० साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने त्याला निवडलं नाही. पुढे तो एनबीएतल्या तेरा संघांकडून खेळला. हा विक्रम आहे. त्याच्याआधी चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ यांच्यासह काही जणांच्या नावावर बारा संघ होते. आता इश स्मिथचे सौदे आठवून पाहा. २०११ मध्ये तो ह्यूस्टनहून मेम्फिसला गेला, तो शेन बॅटियेचा सौदा म्हणून ओळखला जातो. २०१३ मध्ये ऑर्लँडोहून मिलवॉकीला गेला, तो जे. जे. रेडिकचा सौदा. २०२२ च्या फेब्रुवारीत शार्लटहून वॉशिंग्टनला, तो माँट्रेझ हॅरलचा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून डेन्व्हरला, तो केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपचा. मथळा दुसऱ्याच्या नावाचा आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत इश स्मिथ.

एकदा मात्र सौदा त्याच्याच नावाचा झाला. २०१५ चा नाताळ. फिलाडेल्फियाचा संघ पहिल्या ३१ सामन्यांपैकी ३० हरला होता. चेंडू घेऊन पुढे जाईल आणि बाकीच्यांना जागेवर उभं करील असा माणूसच त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी न्यू ऑर्लिन्सला ड्राफ्टमधल्या आपल्या दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी देऊन इश स्मिथला आणलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी फिनिक्सला हरवलं. त्या मोसमात तो संघ एकूण दहा सामने जिंकला, त्यातले नऊ तो आल्यानंतरचे. उरलेल्या ५१ सामन्यांत नऊ विजय म्हणजे काही पराक्रम नव्हे. पण ३१ सामन्यांत एक आणि ५१ सामन्यांत नऊ, यात जो फरक आहे तो अशा खेळाडूचं काम काय असतं ते दाखवतो. बुडणारं जहाज तो किनाऱ्याला लावू शकत नाही, पण त्यातलं पाणी उपसायला त्याला लगेच जमतं.

ते 'लगेच' फार अवघड आहे, आणि बाहेरून ते दिसत नाही. प्रत्येक संघाची आपली भाषा असते. मैदानाच्या कडेला प्रतिस्पर्धी पिक-अँड-रोल खेळतो, म्हणजे सहकाऱ्याची आड घेऊन चेंडू पुढे नेतो, तेव्हा चेंडूवाल्याला मध्ये येऊ न देता कडेलाच कोंडायचं, हा बचावाचा एक साधा डाव आहे. एका संघात त्याला 'आइस' म्हणतात, दुसऱ्यात 'ब्लू', तिसऱ्यात 'डाउन'. डाव तोच, हाक वेगळी. मागून सहकारी ओरडतो, आणि ती हाक कानातून पायात उतरायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर समोरचा बास्केटपर्यंत पोचलेला असतो. असे बचावाचे आणि आक्रमणाचे कितीतरी डाव, त्यांची नावं, त्यांच्या हाताच्या खुणा. शिवाय कोणत्या सहकाऱ्याला चेंडू छातीशी हवा असतो आणि कोणाला धावता धावता, हेही ओळखायचं. मंगळवारी सौदा झाला आणि गुरुवारी सामना असला, तर हे सगळं बुधवारी शिकायचं. आधीच्या संघाची भाषा त्याच बुधवारी विसरायची, कारण जुनी सवय आडवी येते. इश स्मिथने ही परीक्षा तेरा संघांत दिली. त्याला मी पट्टीचा कारागीर म्हणेन, मग लोक काहीही म्हणोत.

२०२३ मध्ये डेन्व्हरने विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो त्या संघात होता. तेरावा संघ, तेरावा मोसम.

आता नियमाकडे येऊ. एनबीएत 'मला माझ्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाला देता येणार नाही' असं कलम करारात घालून घ्यायचं असेल, तर दोन अटी आहेत: लीगमध्ये आठ वर्षं, आणि त्यातली चार त्याच संघात. या अटी पुऱ्या करूनही ते कलम मिळतं ते मोजक्यांनाच, कारण संघाने ते मान्य करावं लागतं. पण मला बोचते ती दुसरी अट. ज्याला सात वेळा इकडून तिकडे पाठवलं त्याची एका संघात चार वर्षं कशी भरणार? ज्याला या संरक्षणाची सर्वात जास्त गरज आहे, तोच त्या अटीमुळे बाहेर राहतो. ज्याला कुणी हलवणारच नव्हतं, अशा ताऱ्याला ते मिळतं.

जुन्या संघाला आपला खेळाडू पगारमर्यादा ओलांडूनही ठेवता येतो, त्या 'बर्ड हक्कां'चंही थोडंफार असंच आहे. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम तीन मोसमांची सलगता मागतो. सौद्यात पाठवलं तर ती सलगता नव्या संघात सोबत येते, हे खरं, आणि ते न्याय्यही आहे. पण ज्याला दरवर्षी एकेका वर्षाचा किमान वेतनाचा करार मिळतो आणि मुदत संपली की दुसरीकडे दार ठोठवावं लागतं, त्याची पाटी दर उन्हाळ्यात कोरी होते.

जो स्मिथचं प्रकरण इथे सांगायलाच हवं. १९९५ च्या ड्राफ्टमधला हा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. पुढे बारा संघ फिरला म्हणून त्याच्या नावापुढे 'अपेक्षाभंग' असा शिक्का बसला. पण त्याला एका जागी राहायचं होतं. मिनेसोटाने त्याच्याशी एकेका वर्षाचे स्वस्तातले करार केले आणि पुढे बर्ड हक्क मिळाले की मोठी रक्कम देऊ, असं गुपचूप लिहून दिलं. २००० साली हे उघडकीला आलं. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी संघाला ३५ लाख डॉलर दंड केला, पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेतल्या (त्यातल्या काही पुढे परत दिल्या) आणि स्मिथचे करार रद्द केले. करार रद्द म्हणजे त्या वर्षांची सलगताही रद्द. तो आणि त्याचा एजंट या गैरव्यवहारात सामील होते, ते मी नाकारत नाही. पण संघाला निवडी काही प्रमाणात परत मिळाल्या. त्या खेळाडूला स्थिरपणाची वर्षं परत मिळाली नाहीत. पुढच्या मोसमात तो डेट्रॉइटला गेला, मग पुन्हा मिनेसोटाला, आणि तिथून पुढे त्याची फिरस्ती थांबलीच नाही.

'इतका पैसा मिळतो, मग तक्रार कसली?' हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो रास्त आहे. २०२३-२४ मध्ये एनबीएतल्या अगदी नवख्या खेळाडूचं किमान वर्षाचं वेतन ११ लाख डॉलरहून जास्त होतं. जगातल्या बहुतेक कामकऱ्यांच्या तुलनेत ही दौलत आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे वेतन पूर्ण मोसमाचं आहे आणि प्रश्नातला खेळाडू अनेकदा पूर्ण मोसम नेमलेलाच नसतो. दुसरी जास्त महत्त्वाची: पगार हा खेळण्याचा मोबदला असतो. माणूस कुठे राहील, त्याची मुलं कुठल्या शाळेत जातील, हे दुसऱ्याने एका फोनवर ठरवावं, याची किंमत त्या पगारात धरलेली आहे असं मानलं, तर ताऱ्याला ती चाळीसपट मिळते आणि त्याला फोन येतच नाही. जगभरच्या फुटबॉलमध्ये खेळाडूंचे पगार काही कमी नाहीत. तरी तिथे खेळाडूने नव्या क्लबशी स्वतः करार केल्याशिवाय त्याची बदली होत नाही. बदल्या तर धडाक्याने होतातच. संमती विचारल्याने बाजार बंद पडल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही.

अमेरिकेतल्याच बेसबॉलकडे पाहिलं तरी फरक कळतो. तिथे पाच वर्षांची सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय खालच्या लीगमध्ये धाडता येत नाही. ही पाच वर्षं एकाच क्लबात काढली पाहिजेत अशी अट नाही. मोजली जाते ती त्याची एकूण सेवा. आणि निवृत्तिवेतन? मेजर लीगमध्ये ४३ दिवस काढले की बेसबॉलपटू त्याला पात्र होतो. एनबीएत त्यासाठी तीन वर्षं लागतात. एकीकडे ४३ दिवस आणि दुसरीकडे तीन वर्षं. बास्केटबॉलच्या कारकिर्दी मुळात आखूड असतात, त्यात ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले आणि न निवडलेले अनेक खेळाडू तर दोन मोसमांच्या आत गळतात. तीन वर्षांचा उंबरठा नेमका त्यांच्यासमोरच येतो.

करारांची तारीखवार रचना पाहिली की हे गळणं कसं होतं ते कळतं. किमान वेतनावर घेतलेल्या पुष्कळ खेळाडूंचे करार मोसमाच्या सुरुवातीला हमीचे नसतात. १० जानेवारीला ते उरलेल्या मोसमासाठी पक्के होतात. सोडलेला खेळाडू ४८ तास इतर संघांसाठी यादीवर ठेवावा लागतो, म्हणून त्या तारखेच्या दोनतीन दिवस आधीच संघ आपली काटछाट उरकतात. त्याच सुमाराला, ५ जानेवारीपासून, दहा दिवसांचे करार सुरू होतात. दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त असेल ते. एका संघाला एका मोसमात एकाच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर मोसमाच्या अखेरपर्यंत ठेवा किंवा सोडा. मूळचा रोजंदार कारागीर इथे शब्दशः भेटतो.

जेरेमी लिनची गोष्ट, एका अनोळखी खेळाडूच्या रातोरात प्रसिद्धीची, जगाला 'लिनसॅनिटी' म्हणून माहीत आहे. मला त्यातला एक सोफा आठवतो. २०११ च्या डिसेंबरात गोल्डन स्टेटने त्याला सोडलं, मग ह्यूस्टनने २४ डिसेंबरला सोडलं, आणि न्यूयॉर्क निक्सने त्याला यादीवरून उचललं. संघमालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीमुळे त्या वर्षी मोसम उशिरा सुरू झाला होता, आणि करार पक्का होण्याची तारीख होती १० फेब्रुवारी. तोवर घर भाड्याने घेण्यात अर्थ नव्हता. तो आधी भावाकडे सोफ्यावर झोपायचा, आणि ४ फेब्रुवारीच्या सामन्याच्या आदल्या रात्री संघातल्या लँड्री फील्ड्सच्या सोफ्यावर झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने २५ गुण केले. १० तारखेला लेकर्सविरुद्ध ३८. सहा दिवसांचा फरक. त्या सहा दिवसांत निक्सचे नेहमीचे खेळाडू जायबंदी नसते, तर हार्वर्डचा हा पदवीधर बहुधा निमूटपणे बाहेर गेला असता आणि आज त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. त्याच्यासारखे, ज्यांच्यासाठी ती रात्र आलीच नाही, असे किती असतील याचा हिशेब कुणाकडे नाही.

दहा दिवसांचे करार बंद करा, असं मी म्हणणार नाही. ते दार उघडं असल्यामुळेच काही जण आत आले आहेत. गॅरेट टेंपल २००९ मध्ये ड्राफ्टविना आला, पहिल्याच मोसमात तीन संघांकडून खेळला आणि पुढे डझनभर संघ फिरला, दशकाहून अधिक काळ टिकला आणि खेळाडू संघटनेचा उपाध्यक्षही झाला. शिडी हवीच. पण सगळ्यात खालची पायरी सगळ्यात कुजकी असावी, हे काही निसर्गनियमाने ठरलेलं नाही.

त्याहून खालीही एक मजला आहे. जी लीग, म्हणजे एनबीएचीच दुय्यम लीग, जी २००१ पासून आधी डी लीग या नावाने चालत आली. आंद्रे इंग्रॅमने तिथे दहा वर्षं काढली. अमेरिकन युनिव्हर्सिटीचा भौतिकशास्त्राचा पदवीधर, डोक्यावर पांढरे केस, जोडीला गणिताच्या शिकवण्या. मोसमाचं वेतन १९ हजार डॉलरच्या आसपास. २०१८ च्या एप्रिलमध्ये मोसमाच्या शेवटच्या दोन सामन्यांसाठी लेकर्सनी त्याला बोलावलं. १० एप्रिलला, बत्तिसाव्या वर्षी, ह्यूस्टनविरुद्ध तो पहिल्यांदा एनबीएच्या मैदानावर उतरला आणि १९ गुण करून बाहेर आला. तीन गुणांच्या पाच फेकींपैकी चार आत. प्रेक्षक 'एमव्हीपी, एमव्हीपी' (सर्वात मोलाचा खेळाडू) म्हणून ओरडत होते. त्या दोन सामन्यांचे त्याला सुमारे १३,८०० डॉलर मिळाल्याच्या बातम्या आल्या. दहा वर्षं ज्या मोसमी वेतनावर काढली, त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त रक्कम दोन रात्रींत.

त्या रात्रीची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी डोळे भरून येतात. पण ती जिद्दीची गोष्ट म्हणून जिथे जिथे सांगितली जाते, तिथे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याने दुसऱ्या दिवशी एनबीएत १९ गुण केले, तो आदल्या दिवशीही तोच खेळाडू होता. त्याची दहा वर्षं लीगच्याच मालकीच्या लीगमध्ये, लीगच्याच नियमांखाली गेली. ती एनबीएची सेवा म्हणून धरली जात नाहीत. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा थोडे दिवस मिळाले, पण एनबीएची तीन वर्षं त्याच्या खात्यावर कधी जमली नाहीत. टाळ्या मिळाल्या, वर्षं मोजली गेली नाहीत.

आणि ही माणसं लागतात, याचा पुरावा २०२१ च्या डिसेंबरात मिळाला. कोविडच्या लाटेत संघच्या संघ घरी बसले. लीगने जादा दहा दिवसांचे करार करायला परवानगी दिली आणि जी लीगमधून, परदेशातून, निवृत्तीतून माणसं आली. जो जॉन्सन चाळिसाव्या वर्षी बॉस्टनकडून उतरला. त्या मोसमात ६०० हून अधिक खेळाडू खेळले, तोवरचा उच्चांक. सामने झाले, प्रक्षेपणाचे पैसे आले. लाट ओसरली तेव्हा यातले बहुतेक जण जिथून आले तिथे परत गेले.

असे हक्क आपोआप मिळत नाहीत, हे या खेळाच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. १४ जानेवारी १९६४, बॉस्टन गार्डन. लीगमधल्या निवडक ताऱ्यांचा ऑल-स्टार सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जाणार होता. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत दार लावून बसले. निवृत्तिवेतनाची हमी मिळाल्याशिवाय मैदानात येणार नाही, असं त्यांनी कळवलं. आत कोण होतं? बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर. संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइनसन. लेकर्सच्या मालकाने आपल्या दोन खेळाडूंना, बेलर आणि वेस्टला, बाहेर येण्याचा निरोप धाडला. बेलरने तो धुडकावला. शेवटी आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना उशिरा सुरू झाला. त्या खोलीतल्या बहुतेकांचं नाव इतकं मोठं होतं की त्यांची पुढची सोय कशीही झाली असती. ते बसले ते ज्यांना त्या खोलीत कधीच बोलावलं जाणार नव्हतं त्यांच्यासाठीही. रॉबर्टसनने १९७० मध्ये लीगविरुद्ध दावा लावला, तो १९७६ मध्ये मिटला, आणि संपूर्ण मोकळा करार करण्याचा हक्क पहिल्यांदा बजावला गेला तो १९८८ मध्ये. दर पायरीला दहाबारा वर्षं.

ज्यांच्या बाजूने कुणी असं बसलं नाही त्यांचं काय झालं, तेही पाहायला हवं. एबीए ही स्पर्धक लीग १९७६ मध्ये मिटली. तिचे चार संघ, डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि सॅन अँटोनियो, एनबीएत आले. बाकीच्यांमधले अनेक खेळाडू निवृत्तिवेतनाविना म्हातारे झाले. तीन गुणांची रेषा आणि डंक स्पर्धा ज्या लीगने लोकप्रिय केली, तिचे हे खेळाडू. २०२२ च्या जुलैत एनबीए आणि खेळाडू संघटना यांनी मिळून सुमारे ११५ जणांसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी ३,८२८ डॉलर वार्षिक. पाच वर्षं खेळलेल्याला वर्षाला साधारण १९ हजार. ही रक्कम यायला ४६ वर्षं लागली, आणि तोवर त्यांच्यातले कितीतरी जण हयात नव्हते.

संघटनेने चांगलंही केलं आहे. २०१६ मध्ये मिशेल रॉबर्ट्स कार्यकारी संचालक आणि क्रिस पॉल अध्यक्ष असताना, खेळत असलेल्या खेळाडूंनी आपल्या पैशातून निवृत्तांच्या आरोग्यविम्याची तजवीज केली. अमेरिकेत हे फार मोठं काम आहे. पण तिथेही किमान तीन वर्षांचाच उंबरठा.

माझ्या मते तीन गोष्टी मागायला हव्यात, आणि त्यातली पहिली सर्वात मोठी. संमतीचा हक्क एकूण सेवेवर द्या. आठ वर्षं लीगमध्ये झाली की, संघ कितीही असोत, खेळाडूला निदान काही संघांना नकार देता यावा, आणि एका मोसमात दुसऱ्यांदा हलवताना त्याची संमती घ्यावीच लागावी. अरिझाचा तो आठवडा या एका ओळीने अशक्य झाला असता. यामुळे काही सौदे अडतील, हे मी मान्य करतो. ते अडू द्यावेत. दुसरी मागणी अशी की निवृत्तिवेतन आणि विमा यांना तीन वर्षांचा बंद दरवाजा नको, दिवसांचं प्रमाण असावं, जितके दिवस तितका वाटा. आणि जो एनबीएत एकदा तरी उतरला त्याचे जी लीगमधले मोसम, निम्म्या वजनाने का होईना, त्या हिशेबात धरावेत.

पैसा आहे. २०२४ मध्ये लीगने डिस्ने, एनबीसी युनिव्हर्सल आणि ॲमेझॉन यांच्याशी प्रक्षेपणाचे अकरा वर्षांचे करार केले, सुमारे ७६ अब्ज डॉलरचे. एबीएच्या म्हाताऱ्यांना ४६ वर्षांनी दिलेल्या रकमेच्या तीन हजार पट. आणि या पैशातला खेळाडूंचा वाटा वाटून घेताना तारे व मधले-खालचे यांच्यात जी ओढाताण होते, ती मालकांच्या फायद्याची असते हेही खेळाडूंनी ओळखावं. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारातल्या नव्या मर्यादांमुळे महागडे संघ मधल्या पगाराचे खेळाडू टाळतात आणि उरलेल्या जागा किमान वेतनावर भरतात. त्यामुळे एकेका वर्षाच्या करारावर फिरणारे आता वाढतील, कमी होणार नाहीत.

सध्याचा सामूहिक करार २०२९-३० पर्यंत आहे. २०२८-२९ नंतर दोन्ही बाजूंना त्यातून बाहेर पडता येईल. म्हणजे वाटाघाटी फार लांब नाहीत. त्या टेबलावर ताऱ्यांच्या कमाल पगाराची चर्चा होणार, सामन्यांच्या संख्येची होणार, नव्या शहरांतल्या संघांची होणार. १९६४ मध्ये त्या बंद खोलीत हाइनसनच्या शेजारी रसेल आणि चेंबरलेन होते. या वेळी फिरत्या खेळाडूचा मुद्दा मांडला जाईल, तेव्हा मांडणाऱ्याच्या शेजारी लीगमधली सगळ्यात मोठी नावं येऊन बसतात की नाही, हे मला पाहायचं आहे.